शस्त्रक्रिया आणि मूत्रपिंडांचे रक्षण



ताळेबंद आणि कार्यवृत्तान्त यांच्या जोडीने वार्षिक अहवालात एखादा आरोग्यविषयक अभ्यासलेख द्यावा, असा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी ‘शस्त्रक्रियेच्या रुग्णांतील मूत्रपिंडांचे रक्षण’ हा विषय घेतला आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकीय व्यवसायातील नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. रुग्णालयातील शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांच्याशी वेळोवेळी झालेल्या चर्चेतून व वाचनातून जे उमगले, ते सर्वसामान्य वाचकास समजेल अशा रीतीने मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. उपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच असतो, हे आरंभीच नमूद करणे उचित होईल.

हर्निया, अपेंडिक्स, प्रोस्टेट, गर्भाशय, सिझेरियन, मांडीचे मोडलेले हाड अशा शस्त्रक्रिया नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी नित्याच्या झाल्या आहेत. शस्त्रक्रियागृहाचे दार उघडताच नातेवाईक विचारतात, ‘ऑपरेशन कसे झाले?’ जखम, टाके, रक्तस्राव यांविषयी विचारणा होते. लघवी किती झाली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः शस्त्रक्रिया उत्तम पार पडूनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्णाची प्रकृती ज्या कारणांनी ढासळू शकते, त्यांत मूत्रपिंडांस झालेली इजा हे एक प्रमुख कारण आहे. ही इजा निःशब्द असते. तीत वेदना नसतात, आणि सूज येईपर्यंत किंवा दम लागेपर्यंत बराच काळ निघून गेलेला असतो.

मूत्रपिंडांचे कार्य

कमरेच्या वरच्या बाजूस, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. हृदय दर मिनिटाला साधारणतः पाच लिटर रक्त शरीरात पाठवते. त्यांपैकी एक ते सव्वा लिटर रक्त केवळ या दोन मूत्रपिंडांकडे जाते. देहाच्या वजनाच्या मानाने अत्यंत लहान असलेल्या या अवयवांस एवढा मोठा वाटा मिळतो, यावरून त्यांच्या कार्याचे महत्त्व ध्यानी यावे. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव या गाळण्यांतून गाळला जातो आणि त्यांपैकी जवळजवळ सर्व पुन्हा शरीरात शोषून घेतला जातो. शेवटी दीड लिटरच्या आसपास लघवी बाहेर पडते. तिच्यावाटे युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम व आम्ल यांचा निचरा होतो. रक्तदाबाचे नियमन आणि रक्तपेशींच्या निर्मितीस चालना देणे ही कामेही मूत्रपिंडेच करतात.

आता या व्यवस्थेतील मर्मस्थान पाहू. गाळण्याचे हे काम पुरेशा दाबाने रक्त येत राहिले तरच चालते. त्यासाठी सरासरी रक्तदाब पाहतात. तो काढण्याची रीत सोपी आहे. वरच्या व खालच्या आकड्यांतील फरकाचा एक तृतीयांश भाग खालच्या आकड्यात मिळवावा. १२० व ८० असा दाब असेल, तर सरासरी ९३ येते. ८० व ५० असा असेल, तर ती ६० वर उतरते. शस्त्रक्रियेच्या काळात ही सरासरी सर्वसाधारणपणे ६५ च्या खाली जाऊ देऊ नये, याकडे भूलतज्ज्ञांचे लक्ष असते. वर्षानुवर्षे उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडांस अधिक दाबाची सवय जडलेली असते. त्यामुळे अशा रुग्णास ६५ चा दाबही अपुरा पडू शकतो.

शस्त्रक्रियेत इजा का होते?

कारण एकच असते असे नाही. भूल दिल्यावर रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. रक्तस्राव झाल्यास तो आणखी उतरतो. रुग्ण आधीपासून उपाशी व तहानलेला असेल, तर शरीरात पाण्याची शिल्लकच नसते. आतडे फुटणे, गळू होणे अशा प्रकारांत जंतुसंसर्गाचे विष रक्तात भिनते. त्यावर मूत्रपिंडांस अपायकारक औषधांची भर पडते. यांतील एकेक आघात निरोगी मूत्रपिंडे सहन करतात. तीन-चार आघात एकाच दिवशी आले, की ती हात टेकतात. वयोवृद्ध, मधुमेही, उच्च रक्तदाबाचे, हृदयविकाराचे आणि आधीच मूत्रपिंडविकार असलेले रुग्ण यांची सहनशक्ती मुळातच कमी असते.

अडथळा हे एक निराळे कारण आहे. प्रोस्टेटची गाठ वाढलेल्या वृद्धाच्या मूत्राशयात लघवी तुंबते आणि तिचा दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. अशा रुग्णास शस्त्रक्रियेची घाई करण्यापूर्वी लघवीची नळी घालून निचरा करून द्यावा आणि मूत्रपिंडे सावरू द्यावीत, अशी पद्धत आहे. ‘नळी घालून नुसतेच ठेवले आहे, ऑपरेशन का करीत नाहीत?’ अशी तक्रार कार्यालयात अनेकदा येते. त्या प्रतीक्षेचाही उपचारात अंतर्भाव असतो, हे नातेवाइकांनी कृपया जाणावे.

आपल्या भागातील परिस्थिती

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जातो. येथील कित्येक गावांत विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी खारट आहे. जळगाव जामोद व संग्रामपूर या शेजारच्या तालुक्यांतील मूत्रपिंडविकाराचे रुग्ण हा या भागातील चिंतेचा विषय होऊन बसला आहे. कारणमीमांसेच्या वादात न शिरताही रुग्णालयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ स्पष्ट आहे. आपल्या दारी शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या रुग्णाची मूत्रपिंडे निरोगीच असतील, असे गृहीत धरता येत नाही.

याला आणखी दोन गोष्टींची जोड आहे. पहिली म्हणजे उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. शेतावरून किंवा लांबच्या प्रवासाने आलेला रुग्ण दाखल होतो तोच शरीरातील पाणी उणावलेल्या स्थितीत. दुसरी गोष्ट म्हणजे वेदनाशामक गोळ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर धरते, गुडघे दुखतात. मग दुकानातून ‘अंगदुखीची’ गोळी आणून रोज घेतली जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडांकडे जाणारी रक्तवाहिनी आखडवतात. शरीरात पाणी भरपूर असताना एरवी हे खपून जाते. उपवास, ऊन आणि भूल यांच्या जोडीला मात्र ते महागात पडते.

एका अनुभवाची नोंद

या ठिकाणी एक घरगुती प्रसंग सांगणे प्रस्तुत ठरेल. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या मामांच्या मांडीचे हाड मोडले आणि त्यांची शस्त्रक्रिया एका मोठ्या शहरातील रुग्णालयात झाली. दिवस मे महिन्याचे होते. रात्री दहापासून त्यांना पाणीसुद्धा द्यायचे नाही, अशी सूचना होती. सकाळी आठची शस्त्रक्रिया काही कारणाने दुपारी तीनवर गेली. त्या सतरा तासांत त्यांच्या घशाखाली घोटभर पाणी गेले नाही. ते गुडघेदुखीसाठी रोज दोन गोळ्या घेत, हे आम्ही कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. त्या रात्री त्यांच्या उशाशी मीच होतो. लघवीची नळी काढून टाकलेली होती. सिस्टर आली आणि तिने विचारले, ‘दादा, पेशंटला लघवी झाली का? किती झाली?’ मी अर्धवट झोपेत उत्तर दिले, ‘झाली. असेल ग्लासभर.’ तिने कागदावर २०० असा आकडा लिहिला. वास्तविक मामांना लघवी झालीच नव्हती. सकाळी मी हाच प्रकार पुन्हा केला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर सूज आली, तेव्हा क्रिएटिनिन ६ च्या वर गेलेले निघाले. त्यांना डायलिसिसवर न्यावे लागले. मामा वाचले. परंतु मूत्रपिंडे पूर्वपदावर आली नाहीत, आणि पुढची सारी वर्षे त्यांना पथ्यावर काढावी लागली.

माझा सारा व्यवसाय हिशेबाचा. पावतीवाचून दहा रुपयांचा खर्चही मी मंजूर करीत नाही. त्या रात्री मात्र सख्ख्या मामांच्या खात्यावर मी न पाहिलेली रक्कम जमा दाखविली. रुग्णालयाच्या त्रुटी असतील त्या असोत, तो आकडा माझा होता. प्रस्तुत लेख लिहिण्यामागील खरी प्रेरणा हीच आहे.

क्रिएटिनिनचा आकडा कसा वाचावा?

स्नायूंच्या नित्य कार्यातून क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ तयार होतो आणि तो मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडे मंदावली की रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. ही तपासणी स्वस्त आहे आणि लहान प्रयोगशाळेतही होते. तथापि तिच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली मर्यादा अशी की, आकडा ‘नॉर्मल’ दिसला म्हणून मूत्रपिंडे नॉर्मल असतील असे नाही. यासाठी १९७६ साली कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी दिलेले एक सोपे गणित आहे. १४० मधून वय वजा करावे, त्यास किलोतील वजनाने गुणावे, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागावे. रुग्ण स्त्री असल्यास उत्तराचे ८५ टक्के घ्यावेत. आता तीस वर्षांचा, ७० किलो वजनाचा तरुण आणि सत्तर वर्षांची, ४० किलो वजनाची शेतमजूर वृद्धा असे दोन रुग्ण घेऊ. दोघांचेही क्रिएटिनिन १.२ आहे. तरुणाचे उत्तर मिनिटाला ८९ मिलिलिटर येते आणि वृद्धेचे २८ च्याही आत. कागदावरील आकडा एकच, परंतु वृद्धेची गाळण्याची शक्ती तरुणाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. तिच्या अंगावर स्नायूच नाहीत, म्हणून आकडा लहान दिसतो. औषधाची मात्रा ठरविताना हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो.

दुसरी मर्यादा विलंबाची आहे. इजा आज झाली, तरी क्रिएटिनिन चढलेले दिसण्यास एक-दोन दिवस जातात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा आकडा हाती असणे आवश्यक असते. आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल, तर अखेरच्या शिलकेवरून नफा-तोटा कसा काढणार? मूत्रपिंडविकारांविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०१२ साली निकष ठरवून दिले. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढले, अथवा सात दिवसांत ते मूळच्या दीडपट झाले, अथवा सलग सहा तास दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी लघवी झाली, तर मूत्रपिंडांस तीव्र इजा झाली असे समजावे. मूळ आकडा ०.७ असलेल्या स्त्रीचे क्रिएटिनिन १.१ झाले, तर प्रयोगशाळेच्या कागदावर तो आकडाही बहुधा ‘नॉर्मल’ छापून येईल. तिच्या दृष्टीने मात्र ती धोक्याची सूचना आहे.

उपाशी ठेवण्याचा प्रश्न

भूल दिली असता पोटातील अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ नये, म्हणून रुग्णास उपाशी ठेवतात. नियम योग्यच आहे. तथापि अन्न आणि पाणी यांत भेद आहे. पचनसंस्था ठीक असलेल्या रुग्णाने ठरलेल्या वेळेपूर्वी दोन तासांपर्यंत साधे पाणी किंवा बिनदुधाचा चहा घेण्यास हरकत नसते. दूध व हलका आहार सहा तास आधी थांबवावा, असे भूलशास्त्राचे आजचे संकेत सांगतात. आतड्यात अडथळा असलेले रुग्ण, प्रसूतीच्या कळा सुरू असलेल्या स्त्रिया, तातडीच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण आणि काही मधुमेही यांस अपवाद करावा लागतो. तो निर्णय भूलतज्ज्ञांचा. मध्यरात्रीपासून सरसकट सर्वांचे पाणी तोडण्याची जुनी रीत आता शास्त्रसंमत राहिलेली नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, तर पाण्याची वेळही नव्याने ठरवली पाहिजे.

शस्त्रक्रियेच्या काळात सलाईन किती द्यावे, हाही वादाचा विषय होता. अधिक दिल्यास फुप्फुसांत व आतड्यांत पाणी साचते, म्हणून मध्यंतरी हात आखडता घेण्याकडे कल झुकला. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या पुढाकाराने सात देशांत झालेल्या ‘रिलीफ’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३००० रुग्णांचा समावेश होता. सलाईन अगदी मोजके दिलेल्या गटात ८.६ टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडांस इजा झाली, तर सढळ हाताने दिलेल्या गटात ५ टक्के रुग्णांच्या. कंजुषीही वाईट आणि उधळपट्टीही वाईट, हा व्यवहारातील नियम येथेही लागू पडतो. किती द्यावे, हे रुग्णागणिक मोजूनच ठरवावे लागते.

लघवीचा हिशेब

क्रिएटिनिन उशिरा बोलते, लघवी लवकर बोलते. साठ किलो वजनाच्या रुग्णास ताशी किमान ३० मिलिलिटर, म्हणजे सहा तासांत १८० मिलिलिटर लघवी व्हावी, ही ढोबळ मर्यादा. त्यासाठी वॉर्डातील नोंदतक्त्यात एका बाजूस जमा, म्हणजे तोंडाने घेतलेले पाणी, सलाईन व रक्त, आणि दुसऱ्या बाजूस नावे, म्हणजे लघवी, उलटी, जखमेच्या नळीतून आलेला द्रव, असा तासागणिक हिशेब लिहावयाचा असतो. हे काम दिसावयास किरकोळ, परंतु रात्रपाळीतील एका परिचारिकेकडे बरेच रुग्ण असतात, तेव्हा पहिली कात्री याच कामास लागते. मग सकाळी एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेला तक्ता पाहावयास मिळतो. हिशेब तपासनिसाच्या नजरेस अशी वही लगेच ओळखू येते.

शस्त्रक्रियेनंतर शरीर स्वभावतःच पाणी राखून ठेवते. त्यामुळे लघवी काही तास कमी झाली म्हणजे मूत्रपिंडे निकामीच झाली, असे समजून घाबरू नये. तसेच केवळ लघवी वाढावी म्हणून बाटलीमागून बाटली चढवणेही अयोग्य होय. कमी लघवी ही एक हाक असते. ती ऐकून डॉक्टरांनी रुग्ण तपासावा, नळी तुंबली आहे काय, दाब उतरला आहे काय, आतून रक्तस्राव होत आहे काय, हे पाहावे, एवढाच तिचा अर्थ.

औषधांविषयी सावधानता

वेदनाशामक गोळ्यांचा उल्लेख वर आलाच आहे. जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविके स्वस्त व प्रभावी आहेत, परंतु मूत्रपिंडे दुबळी असता त्यांची मात्रा व काळ जपून ठरवावा लागतो. सीटी स्कॅनसाठी शिरेतून देण्यात येणारे रंगद्रव्य, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मधुमेहावरील मेटफॉर्मिन यांविषयीही डॉक्टरांस आधी विचार करावा लागतो. निनावी पुड्या, भस्मे व काढे यांत कधी कधी जड धातू असतात. ‘हे काय आयुर्वेदिक आहे, सांगायचे कशाला?’ असा विचार कृपया करू नये. त्याचप्रमाणे कोणतेही चालू औषध स्वतःच्या मनाने बंदही करू नये. सांगणे हे आपले काम, ठरवणे डॉक्टरांचे.

रक्षणासाठी एखादे औषध नाही काय?

दाते व विश्वस्त यांच्याकडून ‘असे एखादे इंजेक्शन असेल तर आपण ते आणू’ अशी सदिच्छा व्यक्त होते. या दिशेने जगभर पुष्कळ प्रयत्न झाले. अल्प मात्रेतील डोपामिन मूत्रपिंडांचे रक्षण करते, अशी समजूत दीर्घकाळ होती. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील अतिदक्षता विभागांत ३२८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने २००० साली ती निराधार ठरवली. लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडने पिशवी भरलेली दिसते, पण मूत्रपिंड वाचत नाही. २०२४ साली हृदयशस्त्रक्रियेच्या ३५११ रुग्णांवरील अभ्यासात शिरेतून अमिनो आम्ले दिल्याने इजेचे प्रमाण ३१.७ टक्क्यांवरून २६.९ टक्क्यांवर आल्याचे आढळले. ही बातमी आशादायक खरी, परंतु हा अनुभव हृदयशस्त्रक्रियेच्या मोठ्या केंद्रांतील आहे.

याउलट जर्मनीतील म्युन्स्टर येथे २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्यासारख्या रुग्णालयास अधिक बोधप्रद आहे. हृदयशस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडांस धोका असलेले २७६ रुग्ण त्यात होते. निम्म्यांस नेहमीची शुश्रूषा मिळाली. उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत रक्तदाब व पाण्याचे प्रमाण काटेकोर राखले, अपायकारक औषधे टाळली, साखर आटोक्यात ठेवली, लघवी व क्रिएटिनिन यांवर नजर ठेवली. यात नवे औषध एकही नव्हते. नेहमीच्या गटात ७१.७ टक्के रुग्णांस इजा झाली, तर काळजीच्या गटात ५५.१ टक्क्यांस. पुस्तकात पूर्वीपासून लिहिलेल्या गोष्टी न चुकता केल्या, एवढाच दोहोंतील फरक.

खरेदी विभागाची जबाबदारी

मूत्रपिंडांचे रक्षण हे केवळ डॉक्टर व परिचारिका यांचे काम नव्हे, याचे दुःखद उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यातील वा मेंदूतील दाब उतरवण्यासाठी रुग्णांस ग्लिसरॉल देण्यात आले. ते औषधी दर्जाचे नव्हते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि औषधखरेदी, तपासणी व देखरेख या साऱ्या साखळीतील दोष उघड केले. या रुग्णांवर ना चुकीची शस्त्रक्रिया झाली होती, ना चुकीचे निदान. घात बाटलीत होता, आणि बाटली खरेदीच्या कागदांवरून आत आली होती.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील याच द्रव्याने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू ओढवले. त्यांतील अनेक बालकांवर उपचार आपल्या विदर्भात, नागपूर येथे झाले. निविदेत सर्वांत कमी दराचे औषध घेण्याचा मोह प्रत्येक प्रशासकास होतो, कारण लेखापरीक्षणात तेच शोभून दिसते. परवानाधारक पुरवठादार, प्रत्येक खेपेचा बॅच क्रमांक, चाचणी प्रमाणपत्र आणि संशयित माल त्वरित बाजूस काढण्याची व्यवस्था यांवाचून स्वस्ताई ही स्वस्ताई नव्हे, हे माझ्यासारख्याने टेबलावर लिहून ठेवावे असे वाक्य आहे.

दानाचा विनियोग कोठे व्हावा?

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये दहा टक्के खाटा निर्धन व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात. एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या निधीतील पैसा कोठे लावला असता जास्तीत जास्त कल्याण होईल, हा विश्वस्तांसमोरील प्रश्न असतो.

डायलिसिसचे यंत्र हे दानाचे दृश्य रूप आहे. त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते, आणि ज्यास त्याची गरज आहे त्यास ते जीवदान देते. त्याविषयी पूर्ण आदर बाळगून असे सुचवावेसे वाटते की, त्या यंत्रापर्यंत रुग्ण जाऊच नये यासाठीचा खर्चही दानास पात्र आहे. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर प्रत्येक गरीब रुग्णाची क्रिएटिनिन तपासणी, तासागणिक लघवी मोजण्याच्या खुणांच्या पिशव्या, प्रत्येक वॉर्डात चालू स्थितीतील रक्तदाबमापक आणि रात्रपाळीस एक जादा परिचारिका, यांपैकी कशावरही पाटी लागत नाही. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा जाणाऱ्या कुटुंबाचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि मोडलेली शेती यांचा हिशेब मांडला, तर या बिनपाटीच्या खर्चाचे मोल कळून येते.

नातेवाइकांसाठी सूचना

१. रुग्ण घेत असलेली सर्व औषधे, दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, पुड्या व काढे यांसह, पिशवीत घालून सोबत आणावीत.

२. पूर्वी केलेल्या रक्ततपासणीचे कागद, कितीही जुने असले तरी, टाकून देऊ नयेत. त्यातील क्रिएटिनिनचा जुना आकडा मोलाचा असतो.

३. पाणी केव्हापर्यंत प्यावयाचे, हे भूलतज्ज्ञांस विचारून घड्याळाची वेळ कागदावर लिहून घ्यावी. शस्त्रक्रिया पुढे गेल्यास पुन्हा विचारावे.

४. शस्त्रक्रियेनंतर लघवी मापाच्या भांड्यातच घ्यावी. नोंद होण्यापूर्वी ती ओतून देऊ नये किंवा पिशवी रिकामी करू नये.

५. परिचारिकेने विचारल्यास पाहिलेले तेवढेच सांगावे. ठाऊक नसल्यास ‘पाहिले नाही’ असे निःसंकोच म्हणावे. अंदाजाने आकडा सांगू नये.

६. सहा तासांत लघवी झाली नाही, चेहऱ्यावर वा पायांवर सूज आली, दम लागला अथवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर सकाळच्या फेरीची वाट न पाहता त्वरित कळवावे.

७. घरी गेल्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगदुखीची गोळी देऊ नये.

८. मूत्रपिंडांस इजा होऊन रुग्ण बरा झाला असल्यास तीन महिन्यांनी क्रिएटिनिन व लघवीची तपासणी अवश्य करून घ्यावी. बरे वाटणे आणि मूत्रपिंडे बरी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

समारोप

या साऱ्या विवेचनाचे सार एवढेच, की शस्त्रक्रियेच्या रुग्णाची मूत्रपिंडे बहुतांशी नोंदींच्या प्रामाणिकपणावर वाचतात. रक्तदाबाची नोंद, पाण्याची नोंद, लघवीची नोंद, औषधांची नोंद आणि खरेदीची नोंद. त्यांतील प्रत्येक रकाना कोणा ना कोणा माणसाने, बहुधा थकलेल्या माणसाने, भरावयाचा असतो. डॉक्टर, परिचारिका, औषधभांडाराचे कर्मचारी आणि खाटेशेजारी बसलेला नातेवाईक हे सारे त्या वहीचे लेखनिक आहेत.

अहवालातील पुढील पृष्ठांवर संस्थेचा ताळेबंद दिला आहे. त्याच्या दोन्ही बाजू जुळल्या आहेत किंवा नाही, हे आपण बारकाईने पाहालच. वॉर्डातील खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदाकडेही, आपला माणूस तेथे असो वा नसो, त्याच नजरेने पाहावे अशी नम्र विनंती करून हा लेख पूर्ण करतो.

आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी
नांदुरा, जि. बुलढाणा